महाविद्यालयीन फुटबॉल सामने : गाडीतळ आणि प्रवासखर्च

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विद्यापीठांच्या संघांचे फुटबॉल सामने पाहायला जाणाऱ्या प्रेक्षकाला तिकिटाखेरीज जो खर्च येतो, त्यात गाडी लावण्याच्या जागेचे पैसे आणि रेल्वे-बसचे भाडे हे दोन ठळक भाग आहेत. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ. हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत चालतो आणि सामने बहुतेक शनिवारीच असतात. एका संघाला नियमित हंगामात १२ सामने मिळतात. त्यांतले सहा-सात घरच्या मैदानावर होतात. गाडीतळाची सारी बाजारपेठ या सहा-सात दिवसांवर उभी असते, आणि तिथले दर समजून घ्यायचे तर हा आकडा आधी लक्षात ठेवावा लागतो.

यांतली बरीचशी मैदाने लहान गावांत आहेत. मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर इथले मिशिगन स्टेडियम १९२७ मध्ये सुरू झाले. त्याची प्रेक्षकक्षमता १,०७,६०१ आहे आणि गावाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावात सुमारे ४०,००० माणसे राहतात, तर तिथल्या बीव्हर स्टेडियममध्ये लाखाहून जास्त बसतात. म्हणजे शनिवारी दुपारी मैदानात गावाच्या अडीचपट वस्ती असते. एवढ्या लोकांसाठी बारमाही वाहनतळ बांधणे कुणालाच परवडणारे नाही. म्हणून एरवी ज्या जागेचा उपयोग वेगळा असतो, ती त्या दिवसापुरती गाड्यांना मोकळी होते : गवताची कुरणे, गोल्फची मैदाने, शाळांची आवारे, चर्चची पटांगणे, घरांची अंगणे. अ‍ॅन आर्बरमध्ये स्टेडियमसमोरच्या पायोनियर हायस्कूलच्या आवारात गाड्या लागतात आणि ते उत्पन्न सार्वजनिक शाळांना मिळते. पॅसाडेनाच्या रोझ बोल मैदानाशेजारी ब्रुकसाइड गोल्फ कोर्सची हिरवळ गाड्यांनी भरून जाते. गवतावरच्या गाडीतळाचा वैरी म्हणजे पाऊस. आठवडाभर ओल राहिली की चाके रुततात, कुरणे बंद ठेवावी लागतात, आणि आधी पैसे भरलेल्यांनाही दूरच्या जागेकडे वळवले जाते.

मैदानाच्या अगदी लगतच्या जागा सहसा खुल्या विक्रीला येतच नाहीत. त्या विद्यापीठाच्या क्रीडानिधीला देणगी देणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. देणगी जितकी मोठी आणि जितकी जुनी, तितकी जागा दाराजवळ. साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठाची ‘आयप्टे’ ही देणगीदारांची संस्था १९३४ मध्ये निघाली. ‘मी वर्षाला दहा देतो’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते नाव झाले. दहा म्हणजे दहा डॉलर. आज त्याच संस्थेत देणगीच्या पायरीनुसार गाडी लावण्याचे हक्क ठरतात, आणि वरच्या पायऱ्या दहा डॉलरांच्या कितीतरी पुढे गेल्या आहेत. तिकिटे विकत घेण्याचा हक्क मिळवून देणाऱ्या अशा देणगीच्या ८० टक्के रकमेवर २०१७ पर्यंत आयकरात वजावट मिळत असे. त्या वर्षाच्या डिसेंबरमधल्या करकायद्याने ती काढून घेतली आणि पुढच्या वर्षापासून देणगीदाराला पूर्ण भार स्वतः सोसावा लागला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट वाटता येते. ती रक्कम उभी करायची तर क्रीडा विभागांना उत्पन्नाची प्रत्येक वाट हवी आहे, आणि गाडीतळ ही त्यांतली सगळ्यात हाताशी असलेली वाट. सामान्य चाहत्याने भरलेल्या पैशांकडे या बाजूनेही पाहायला हवे. तो जागेचे भाडे देतो आणि संघाचा खर्चही उचलतो.

देणगीदारांच्या पट्ट्याबाहेर गल्ल्यांचा बाजार सुरू होतो. सकाळी सातलाच घरमालक फाटकाशी उभा असतो. हातात केशरी झेंडी किंवा नुसती पुठ्ठ्याची पाटी, तिच्यावर जाड मार्करने लिहिलेला आकडा. दहा वाजता तोच आकडा खोडून वर दुसरा लिहिलेला दिसतो. पाटीवर ‘ईझी आउट’ असे शब्द असले तर दर जास्त, कारण तिथे गाडी कुणाच्या मागे अडकत नाही. बाकीच्या अंगणांत गाड्या नाकाला शेपूट लावून उभ्या करतात. पुढच्या गाडीचा मालक येईपर्यंत मागच्याने सामन्याचा शेवटचा भाग सोडून निघायचा विचारही करू नये. साध्या सामन्याला दूरच्या अंगणात वीसेक डॉलर पुरतात. परंपरागत प्रतिस्पर्धी येणार असला, म्हणजे अ‍ॅन आर्बरला ओहायो स्टेटचा संघ आला, की जवळच्या अंगणाचा दर शंभराच्या घरात जाऊ शकतो. बऱ्याच ठिकाणी अंगण सांभाळायला शाळेचे बँडपथक, स्काउट किंवा चर्चची मंडळी असतात आणि जमलेले पैसे त्यांच्या वर्षभराच्या कामाला जातात. हे अंगणवाले लुबाडतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती मला अर्धीच पटते : त्यांच्या हिरवळीवर चाकांचे चर पडतात, रात्री उशिरापर्यंत गल्लीत गोंगाट चालतो आणि सकाळी कचरा त्यांनाच उचलावा लागतो.

जागा भाड्याने घेणारा तिथे गाडी तर लावतोच, पण दिवसही घालवतो. गाडीचे मागचे झाकण उघडून, शेगडी पेटवून, घडीच्या खुर्च्या मांडून सामन्याआधी चार-सहा तास खाणेपिणे करण्याच्या चालीला ‘टेलगेटिंग’ म्हणतात. त्यामुळे गाडीतळाचे भाडे म्हणजे अर्धे सहलीच्या जागेचे भाडे. रेल्वे कितीही स्वस्त झाली तरी मटणाची शेगडी, बर्फाची पेटी आणि आजोबांची खुर्ची डब्यात नेता येत नाही. आणि पुष्कळ कुटुंबांना सामन्याइतकेच ते जेवण प्रिय असते.

दोन्ही खर्चांच्या आकारणीची रीत वेगळी आहे. गाडीतळ गाडीमागे पैसे घेतो, रेल्वे डोक्यामागे. ४० डॉलरच्या जागेवर एकटा आला तर ४०, चौघे मिळून आले तर माणशी १०. अटलांटात जॉर्जिया टेकचे मैदान मार्टा रेल्वेच्या नॉर्थ अ‍ॅव्हेन्यू स्थानकापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. एका फेरीचे भाडे अडीच डॉलर. चौघांचे जाऊन-येऊन २० डॉलर होतात, म्हणजे त्याच गाडीतळाच्या निम्मे. सिअ‍ॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या हस्की स्टेडियमच्या अगदी दाराशी १९ मार्च २०१६ रोजी भुयारी स्थानक सुरू झाले. तिथले भाडे ऑगस्ट २०२४ अखेरीपासून सरसकट ३ डॉलर आहे आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते माफ आहे. आई-बाप आणि दोन मुले १२ डॉलरांत जाऊन येतात. मुलांना सोबत नेणाऱ्या कुटुंबासाठी याहून सोयीची व्यवस्था मला माहीत नाही.

स्वस्त रेल्वे फक्त त्या शहरांत मिळते जिथे ती रोजच्या नोकरदारांसाठी बांधलेली होती. लॉस एंजलिसच्या मेमोरियल कोलिझियमजवळून जाणारा मार्ग २०१२ मध्ये सुरू झाला. भाडे पावणेदोन डॉलर. बर्कलेमध्ये बार्ट रेल्वेने उतरून टेकडी चढून जावे लागते, पण मैदानापाशी गाडीला जागाच इतकी थोडी की बहुतेकांना तोच रस्ता बरा पडतो. मिनिआपोलिसमध्ये २०१४ पासून स्टेडियम व्हिलेज नावाचेच स्थानक आहे. पिट्सबर्गचा संघ ज्या मैदानावर खेळतो तिथपर्यंत शहराच्या मध्यभागातून नदीखालून जाणारी रेल्वे २०१२ पासून आहे आणि त्या टप्प्यात भाडेच लागत नाही. सॉल्ट लेक सिटीत युटा विद्यापीठाच्या सामन्याचे तिकीट हेच ट्रॅक्स रेल्वेचे तिकीट मानले जाते. तो मार्ग २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर बांधला गेला. स्टॅनफर्डजवळ तर कॅलट्रेनचा असा थांबा आहे जिथे एरवी गाडी थांबतच नाही, सामन्याच्या दिवशी थांबते. मार्ग आधीपासून आहे, म्हणून एक थांबा वाढवायला फारसे लागत नाही.

मार्ग नसेल तर केवळ सामन्यांसाठी रेल्वे चालवणे किती अवघड, हे आयोवाने दाखवले. कोरलव्हिलहून किनिक स्टेडियमपर्यंत ‘हॉकआय एक्स्प्रेस’ ही खास गाडी २००४ पासून धावू लागली. लोकांना ती आवडत होती. डब्यात काळे-पिवळे सदरे घातलेली कुटुंबे भरलेली असत. पण वर्षाला सहा-सात दिवसांसाठी डबे, इंजिन आणि माणसे सांभाळायची होती. २०१९ चा हंगाम तिचा शेवटचा ठरला.

पूर्वी चित्र उलटे होते. महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला मानला जाणारा सामना रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झाला, तेव्हा मोटारी नव्हत्याच. प्रिन्स्टनचे पाहुणे रेल्वेने आले. १९१४ मध्ये येल बोल हे प्रचंड मैदान झाले, तेव्हा न्यू हेवनच्या ट्रामगाड्या माणसे दाराशी आणून सोडत. उघड्या बाजूंच्या, आडव्या बाकांच्या जुन्या ट्रामगाड्या इतर कामातून निवृत्त झाल्यावरही कंपनीने त्या येलच्या सामन्यांसाठी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत जपून ठेवल्या. शहरातली ट्रामसेवा १९४८ मध्ये संपली. फिलाडेल्फियात लष्कर विरुद्ध नौदल या सामन्यासाठी पेनसिल्व्हेनिया रेलरोड १९३६ पासून डझनावारी खास गाड्या सोडत असे. पुढे महामार्ग आले, उपनगरे पसरली आणि चाहता मोटारीत जाऊन बसला.

बसची गोष्ट कायद्यात अडकलेली आहे. केंद्र सरकारचे अनुदान घेणाऱ्या नगर-बससेवेने खास भाड्याच्या फेऱ्या चालवून खासगी बसवाल्यांचा धंदा खाऊ नये, असा जुना दंडक होता. २००८ मध्ये त्याचे नियम अधिक कडक झाले. प्रासंगिक कार्यक्रमाला नेहमीपेक्षा जास्त भाडे घेऊन, किंवा आयोजकाकडून पैसे घेऊन सोडलेली बस या नियमात सापडू शकते. म्हणून काही गावांत सामन्याच्या बसा खासगी कंत्राटदार चालवतात आणि त्यांचे भाडे नगर-बसच्या भाड्याहून जास्त असते. खासगी व्यवसायाचे रक्षण समजण्यासारखे आहे, पण त्याची किंमत गाडी नसलेल्या चाहत्याने मोजावी हे मला न्याय्य वाटत नाही. नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये १९६२ पासून प्रत्येक सामन्याची सारी तिकिटे खपत आली आहेत. तिथे शहराबाहेरच्या गाडीतळांवरून मैदानाकडे ‘बिग रेड एक्स्प्रेस’ बसा सुटतात. गाडी दूर फुकट लावायची आणि पुढे बसने यायचे, हा मधला मार्ग दूरवरून येणाऱ्या शेतकरी कुटुंबांना सोयीचा पडतो.

सामन्याची वेळ दूरचित्रवाणी वाहिन्या ठरवतात, आणि पुष्कळदा ती १२ दिवस आधी, कधी तर ६ दिवस आधी कळते. दुपारचा सामना रात्रीवर गेला की शेवटच्या गाडीचा हिशेब बिघडतो. मग उबर किंवा लिफ्ट उरते, आणि सामना सुटताच त्यांचे दर कित्येक पटींनी चढतात. वीस-पंचवीस मिनिटे चालत गर्दीबाहेर गेले की तेच दर खाली येतात. चुकीच्या गल्लीत गाडी लावण्याचा धोका वेगळाच. बर्कलेमध्ये मैदानाभोवतीच्या रहिवासी परवान्याच्या गल्ल्यांत सामन्याच्या दिवशी दंड वाढवलेला असतो, आणि ओढून नेलेली गाडी सोडवायला लागणारे पैसे कुठल्याही अंगणाच्या भाड्याहून जास्त होतात.

पाण्याने येणारेही आहेत. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला १९६२ मध्ये एका समालोचकाने वाहतूक टाळण्यासाठी नदीतून होडी आणली; आज तिथे होड्यांचा तांडाच लागतो. सिअ‍ॅटललाही लेक वॉशिंग्टनवरून लोक होड्यांनी येतात.

पुण्या-मुंबईहून शिकायला गेलेली मुले या मैदानांच्या आसपासच राहतात, त्यांच्याकडे पहिली एक-दोन वर्षे मोटार नसते, आणि ती बहुधा चालतच सामन्याला जातात. त्यांना भेटायला गेलेल्या आई-वडिलांनी मात्र चार गोष्टी कराव्यात. घरच्या सामन्यांचे शनिवार आधी विचारून घ्यावेत, कारण त्या दिवशी विमानतळावरून गावात शिरायलाच दोन तास लागू शकतात. गाडीतळाचा परवाना संकेतस्थळावरून आगाऊ घ्यावा. पुष्कळ ठिकाणी दाराशी रोख पैसे चालत नाहीत. रेल्वेने जाणार असाल तर परतीचे भाडे सकाळीच कार्डात भरून ठेवावे. आणि मोठी पिशवी घरीच ठेवावी : बहुतेक मैदानांत छोटी पारदर्शक पिशवीच आत नेऊ देतात, काही ठिकाणी तीही नाही, आणि ज्याची गाडी गाडीतळावर नाही त्याला ती ठेवायला दुसरी जागा नसते.