मोडीतल्या मेट्रोचं इंजिन
1905 साली स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी एक्झॉस्टच्या ऊर्जेवर इंजिनात हवा दाबून भरण्याच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. ब्रिटनमधल्या हौशी मंडळींच्या गॅरेजात हा टर्बो रुळायला मात्र ऐंशीचं दशक उजाडावं लागलं.

निमित्त ठरली एमजी मेट्रो टर्बो ही छोटी हॅचबॅक. लोटसच्या मदतीने 1275 सीसीच्या जुन्या ए-सीरीज इंजिनाची ताकद 72 वरून 93 अश्वशक्तीवर नेली गेली. कॉम्प्रेशन उतरवलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थंड राहावेत म्हणून त्यांत सोडियम भरलं. घोडं अडलं ते गिअरबॉक्सपाशी! इंजिनाच्या पोटाखाली, त्याच्याच ऑइलमध्ये फिरणाऱ्या त्या गिअरबॉक्सला जास्त टॉर्क पेलवेना. म्हणून बूस्टच, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, मर्यादित ठेवावा लागला.

1959च्या मिनी या छोट्या गाडीतही याच ए-सीरीज घराण्यातलं इंजिन होतं. मग मोडीत निघालेल्या मेट्रो टर्बोंची इंजिनं मिनीत बसू लागली. 1989मध्ये ईआरए कंपनीने टर्बो इंजिनाची मिनी रीतसर विकायलाही काढली.

इंजिन उचलून बसवणं त्यातल्या त्यात सोपं. मिनीच्या चिंचोळ्या बॉनेटखाली टर्बोला जागा करायची, कार्बोरेटरमध्ये दाबाची हवा शिरते म्हणून पेट्रोलचाही दाब त्या हिशेबात वाढवायचा आणि इंधन कमी पडून पिस्टन वितळू द्यायचा नाही, इथे खरा कस लागे.