काचपेटीतला तलाव

अलीकडे अर्जुनी मोरगावसारख्या गावातही कुणाच्या बैठकीत, कुठे शाळेच्या व्हरांड्यात माशांची काचपेटी दिसू लागली आहे. मुले तिच्यासमोरून हलत नाहीत. पण आठ-पंधरा दिवस झाले की पाणी गढुळते, एकेक मासा उलटा होऊन तरंगू लागतो, आणि घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "आपल्याला हे लाभत नाही." वाचकहो, हा लाभण्या-न लाभण्याचा प्रश्नच नाही. मासे का मरतात याचे थोडे उत्तर लंडनच्या इतिहासात आहे, आणि बरेचसे आपल्याच तालुक्याच्या.

सोनेरी मासे पाळण्याचा छंद मूळचा चीनचा. हजारएक वर्षांपूर्वी तिथे तांबूस-सोनेरी मासे निवडून कुंडात वाढवीत. पुढे ते युरोपात गेले, काचेच्या गोल भांड्यात आले, आणि सारखे पाणी बदलूनही मरू लागले. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ साली लंडनमध्ये एक प्रयोग मांडला. बारा गॅलनच्या भांड्यात त्याने दोन लहान सोनेरी मासे सोडले, आणि तळाशी वॅलिसनेरिया ही फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती लावली. उजेडात वनस्पती प्राणवायू देईल, त्यावर मासे जगतील, असा त्याचा हिशेब. पण जुनी पाने कुजली आणि पाणी बिघडले. मग त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली, पाणी निवळले. १८५० साली त्याने हा प्रयोग विद्वानांपुढे ठेवला, आणि १८५४ साली फिलिप गॉस याच्या पुस्तकाने 'अक्वेरियम' हा शब्द रूढ केला.

हे झाले विलायतेतले. आता आपल्याकडे या. वॉरिंग्टनच्या सुमारे दीडशे वर्षे आधी, अठराव्या शतकाच्या आरंभी, कोलू पाटील कोहळी याने नवेगावबांध बांधला असे परंपरा सांगते. डोंगरांतून वाहून येणारे पाणी पाळ घालून अडवले, आणि त्यावर खालची धानाची शेती पिकू लागली. या मुलखात गावागावाला तलाव, आणि शेतांच्या माथ्यावर बोड्या. पाळ कुठे घालावी, जादा पाणी कुठून सोडावे, नहर कशी काढावी, हे कोहळ्यांनी जाणले. पाण्याच्या पोटातले जग मात्र ढीवरांना ठाऊक. कोणती वनस्पती किती खोलीवर वाढते, कोणता मासा कुठे अंडी घालतो, वाईट पाण्यातही मरळ आणि मागूर वर येऊन हवा कशी घेतात, हे त्यांना पुस्तकावाचून कळत होते.

१९५१ साली मालगुजारी संपली. तलाव सरकारकडे आले, पण दरसाल पाळीवर लक्ष ठेवणारे हात कमी झाले. गाळ साचला, काठावर बेशरम माजली. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन रोहू, मृगळ यांसारख्या माशांची पैदास करून दाखवली. पुढे असे मत्स्यबीज सर्वत्र मिळू लागले. त्याने उत्पन्न वाढले, हे खरे. पण तलावातला देशी मासा मागे पडत गेला. गेल्या काही वर्षांत आपल्याच तालुक्यातल्या ढीवर बायकांच्या गटांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला आणि हायड्रिला, वॅलिसनेरिया पुन्हा लावली. गंमत पाहा, वॉरिंग्टनने भांड्यात लावली तीच ही वनस्पती! ती रुजली तसे देशी मासे परत दिसू लागले.

तेव्हा काचपेटीकडेही तलाव म्हणूनच पाहा, म्हणजे बहुतेक अडचणी उलगडतात. पहिली अडचण घाईची. नव्या पेटीत एकदम दहा-बारा मासे सोडले, की त्यांच्या मलमूत्रातून अमोनिया साचतो आणि तो विषासारखा भिनतो. त्याचे रूपांतर करणारे जिवाणू विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास शोधून काढले. ते वाळूत-खड्यांत वस्ती करतात, पण वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून सुरुवात एक-दोन माशांनीच करावी. दुसरी अडचण अतिस्वच्छतेची. सगळे पाणी फेकून खडे घासले, की जिवाणूही गेले. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलले तरी पुरे. नळाच्या पाण्यात क्लोरिन असते, ते पाणी उघड्या टबात दिवसभर ठेवून मग घालावे. तिसरी अडचण मायेची. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाणे टाकावे, उरलेले कुजते. चौथी आपल्या वैशाखाची. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यातून वीज गेली की पंपही बंद. पेटी उन्हात ठेवू नये, आणि मासे मोजकेच असावेत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. छंदाचा कंटाळा आला किंवा मासा फार वाढला, तर पुष्कळ लोक दयाबुद्धीने तो तलावात सोडून देतात. ही दया महागात पडते. काच चाटून साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेचा. तो आज उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो. त्याच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला भाव नाही. पेटीत मासा मेला तर एका घराला वाईट वाटते. नवेगावबांधात असा मासा रुजला तर ढीवरांच्या कितीतरी घरांची चूल अडेल. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा, नाहीतर दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा. पाण्यात कधीही सोडू नये.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. शाळेत पेटी ठेवाल तेव्हा आधी मुलांना गावच्या तलावावर न्या, आणि एखाद्या जाणत्या ढीवर आजोबांना किंवा आजींना बोलते करा. पाण्यात काय उगवते, कोण कोणाला खाते, उन्हाळ्यात मासे कुठे जातात, हे मुलांनी वहीत उतरून घ्यावे. मग पेटीत वाळू भरावी, वनस्पती लावावी, चार-सहा आठवडे दम धरावा. मासे त्यानंतर आणावेत.