खंबीर मनाचा निकष : नागपूरच्या एका निकालाची वाटचाल

खास प्रतिनिधी, भंडारा

एखाद्या लेखाने, पुस्तकाने वा मालिकेने समाजात द्वेष पसरेल काय, हे कोणाच्या नजरेने ठरवायचे? अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अनेक खटल्यांचा गाभा हाच असतो. सर्वोच्च न्यायालय आजही आधार घेते ते उत्तर विदर्भातून आले आहे.

भंडारा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, तेव्हा तो नागपूर उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येई. तेथील न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ‘भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार’ या खटल्यात निकष घालून दिला. शब्दांचा परिणाम जोखताना समंजस, खंबीर व धैर्यशील माणूस डोळ्यांपुढे ठेवावा. डळमळीत मनाचा किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणारा नव्हे. नागपूरहूनच निघणाऱ्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’च्या १९४७च्या खंडात हा निकाल आहे. राज्यघटना तेव्हा अस्तित्वातही नव्हती.

‘तमस’ आणि लेन प्रकरण

१९८८ मध्ये फाळणीवरील ‘तमस’ मालिकेच्या दूरदर्शनवरील प्रक्षेपणास आव्हान मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन व न्या. सुजाता मनोहर यांनी स्वतः मालिका पाहून स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयानेही बोस यांचाच निकष लावून प्रक्षेपण रोखण्यास नकार दिला.

जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरून जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. पाठोपाठ भारतीय दंड विधानाच्या कलम १५३-अ खाली गुन्हा दाखल झाला आणि पुस्तकावर बंदी आली. एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच निकषाचा हवाला देत गुन्हा रद्द केला. मुंबई उच्च न्यायालयाने उठवलेल्या बंदीवर अंतिम शिक्कामोर्तब होण्यास मात्र जुलै २०१० उजाडले.

पोलीस ठाण्याचा उंबरठा

अनुच्छेद ३७० रद्द करण्यावर व्हॉट्सॲपवरून टीका करणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकावरील गुन्हा मार्च २०२४ मध्ये रद्द झाला. मार्च २०२५ मध्ये राज्यसभा सदस्य इम्रान प्रतापगढी यांच्याविरुद्ध गुजरातेत नोंदवलेला गुन्हाही रद्द झाला. दोन्ही निकालांत नागपूरचा निकष आहे.

निकष जुना असला तरी दाद मिळेपर्यंत वर्षे जातात, ही खरी अडचण. म्हणूनच प्रतापगढी प्रकरणातील निर्देश महत्त्वाचा ठरतो. तीन ते सात वर्षे शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत नोंदीपूर्वी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करणे उचित, असे न्यायालयाने म्हटले आहे. बोस यांनी न्यायाधीशांसाठी घातलेला दंडक आता ठाणेदारानेही ध्यानात ठेवावा, असा त्याचा अर्थ आहे.