हे तर कुणालाही सुचलं असतं!

रिमोटमध्ये महिनोन्महिने पडून राहिलेला सेल बाहेर काढला की त्याच्या टोकाशी पांढरी भुकटी दिसते. आपण म्हणतो, सेल लीक झाला. अल्कलाइन सेलच्या पोटात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा द्राव असतो. तो बाहेर पाझरतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याची गाठ पडते आणि त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. तीच ही भुकटी. हा द्राव भलताच चिवट असतो. धातूच्या पृष्ठभागावरून, विशेषतः ऋण टोकाच्या बाजूने, तो सरपटत पुढे जातो. डोळ्याला न दिसणारी फटसुद्धा त्याला पुरते. म्हणून इलेक्ट्रोडचं टोक जिथून बाहेर येतं तिथे नायलॉनसारख्या प्लास्टिकचा वायसर बसवतात, त्यावर डब्याचा पत्रा दाबून दुमडतात आणि मध्ये डांबरासारख्या पदार्थाचा पातळ थर देतात.

आता समजा, एखाद्या इंजिनिअरने त्या वायसरला एक जादा खाच दिली आणि गळती थांबली. वायसर जुना, खाच जुनी, डांबरही जुनं. मग हा शोध म्हणायचा का? वीस वर्षं दुसऱ्या कुणी तो वापरायचा नाही, अशी मक्तेदारी त्याला द्यायची का? की ‘हे तर कुणालाही सुचलं असतं’ म्हणून अर्ज परत पाठवायचा?

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचा. आठवडाभर छळणारा बग कुणीतरी दोन ओळी बदलून सोडवतं, आणि त्या दोन ओळी बघून सगळी टीम म्हणते, ‘अरे, एवढंच होतं?’ उत्तर समोर आलं की प्रश्न सोपाच होता असं वाटायला लागतं. पेटंटच्या कायद्याने गेली पावणेदोनशे वर्षं आपल्या मनाच्या याच खोडीशी झुंज घेतली आहे.

सुरुवात झाली दाराच्या मुठींपासून. अमेरिकेत लाकडाच्या आणि धातूच्या मुठी होत्याच. कुणीतरी त्या चिनी मातीच्या केल्या आणि पेटंट मिळवलं. १८५१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘हॉचकिस विरुद्ध ग्रीनवुड’ खटल्यात ते नाकारलं. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं : नुसता माल बदलणं हे सराईत कारागिराचं काम आहे, संशोधकाचं नव्हे. म्हणजे वस्तू नवी असणं पुरेसं नाही. ती जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसली पाहिजे. १९५२ मध्ये अमेरिकेने ही अट कायद्यातच लिहून टाकली.

पण ‘सहज’ मोजायचं कसं? याचं एक गाजलेलं उत्तर एका बॅटरीच्याच खटल्यातून आलं.

बर्ट अ‍ॅडम्स नावाच्या अमेरिकन माणसाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक बॅटरी बनवली. एक इलेक्ट्रोड मॅग्नेशियमचा, दुसरा क्युप्रस क्लोराइडचा. ती कोरडी ठेवायची आणि गरज पडली की पाणी घालायचं. साधं पाणी चालतं, खारंही चालतं. मी उरणचा. इथे मिठागरं आहेत, करंजाच्या होड्या आहेत आणि खारी हवा आहे. दाराच्या कडीपासून सायकलच्या चेनपर्यंत सगळं गंजवणारा शत्रू, एवढीच आम्हाला खाऱ्या पाण्याची ओळख. त्याच पाण्याने जिवंत होणारी बॅटरी ही कल्पना मला आजही भारी वाटते.

१९४३ मध्ये अ‍ॅडम्सला पेटंट मिळालं. ही बॅटरी त्याने अमेरिकन सैन्याला दाखवली, तेव्हा सरकारी तज्ज्ञांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. नंतर त्यांचं मत बदललं. सैन्याने वेगवेगळ्या कंपन्यांकडून त्या बॅटऱ्या बनवून घेतल्या, पण अ‍ॅडम्सला कळवलंच नाही. बऱ्याच वर्षांनी त्याला हे समजलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

सरकारचा बचाव ऐकण्यासारखा आहे. बॅटरीत जस्ताऐवजी मॅग्नेशियम वापरता येतं हे जुन्या पुस्तकांत होतं. सिल्व्हर क्लोराइडऐवजी क्युप्रस क्लोराइड चालतं हेही नोंदलेलं होतं. मग दोन ज्ञात गोष्टी एकत्र ठेवल्या, त्यात अ‍ॅडम्सने नवीन ते काय केलं? थोडक्यात, हे तर कुणालाही सुचलं असतं.

२१ फेब्रुवारी १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅडम्सच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने पाहिलं की त्या काळच्या जाणकारांचा कल नेमका उलट दिशेला होता. ही बॅटरी एकदा पाणी घातल्यावर बंद करता येत नव्हती आणि वापरात तापत होती. हे दोन्ही गुण जाणकारांच्या लेखी दोष होते. ते दिसल्यावर त्या वाटेने पुढे कुणी गेलंच नसतं. अ‍ॅडम्स गेला, आणि त्याच्या हाती लागलेला परिणाम अनपेक्षित होता. शिवाय ज्या तज्ज्ञांनी आधी ‘हे चालणारच नाही’ म्हटलं, त्यांच्याच बाजूने नंतर ‘हे उघडच होतं’ असं म्हणणं टिकत नाही. सुनावणीत अ‍ॅडम्सच्या वकिलाने पाण्याच्या ग्लासात छोटीशी बॅटरी टाकून दिवा पेटवून दाखवला, असा किस्सा पेटंट वकील अजून सांगतात.

भारतातली कसोटी ठरली ती ताटांवरून. मिर्झापूरच्या भांडी उद्योगात थाळ्या लेथवर फिरवून घासायच्या, चकाकवायच्या. जुन्या पद्धतीत भांडं गरम करून मऊ होणाऱ्या चिकट पदार्थाने चिकटवत किंवा जबड्यांत धरत. ते कधीकधी सुटून उडायचं आणि कामगाराला इजा व्हायची भीती असायची. ‘हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज’ने दुसऱ्या बाजूने दाब देऊन भांडं पक्कं धरणारी रचना केली आणि पेटंट घेतलं. वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. डिसेंबर १९७८ मध्ये ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम’ खटल्याच्या निकालात हे पेटंट रद्द झालं. दाब देणारा दांडा लेथला आधीपासून माहीत होता, नवी रचना म्हणजे वर्कशॉपमध्ये होणारी सुधारणाच होती, असं न्यायालयाला दिसलं. मात्र त्या निकालाने कसोटी नीट मांडून दिली. एक सक्षम कारागीर डोळ्यांसमोर आणा. त्याला त्या धंद्यातलं सगळं सर्वसाधारण ज्ञान आहे, अडचणही माहीत आहे, फक्त हे उत्तर त्याने पाहिलेलं नाही. जुनी कागदपत्रं त्याच्या हातात दिली तर तो ‘हेच मला हवं होतं’ म्हणून तिथवर पोहोचेल का?

कसोटीचा सगळा जीव ‘उत्तर पाहिलेलं नाही’ या तीन शब्दांत आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर आपल्या पेटंट कायद्यातली ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ची व्याख्याही याच जाणकार माणसाभोवती फिरते : तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं, पण शेवटी ती गोष्ट त्या क्षेत्रातल्या जाणकाराला उघड दिसणारी नसावी.

दुसरी अडचण असते ‘आधीपासून माहीत होतं’ हे दाखवण्याची. हळदीने जखम बरी होते हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही? तरी १९९५ मध्ये अमेरिकेत त्यावर पेटंट दिलं गेलं. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय शोधनिबंध पुढे ठेवला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आजीच्या तोंडची माहिती छापील कागदावर आली तेव्हाच ती मोजली गेली.

हा सगळा वकिली काथ्याकूट आहे असं वाटत असेल तर मुंबईच्या पेटंट कार्यालयातलं एक प्रकरण बघा. बेडाक्विलिन हे औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावरचं महत्त्वाचं औषध. गोळीच्या रूपात घ्यायचं. ते येण्याआधी रुग्णांना महिनोन्महिने इंजेक्शनं घ्यावी लागत आणि त्यांनी अनेकांचे कान कायमचे जात. मूळ रेणूवरचं जॉन्सन अँड जॉन्सनचं पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. कंपनीने त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षारावर वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती.

२०१९ मध्ये या अर्जाला दोन तरुणींनी हरकत घेतली. भारतातली नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेतली फुमेझा टिसिले. दोघी क्षयरोगातून बऱ्या झालेल्या, दोघींची श्रवणशक्ती उपचारांत गेलेली. आपल्या कायद्यात पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतं. त्याला ना कंपनी लागते, ना इंजिनिअरिंगची डिग्री. २३ मार्च २०२३ रोजी अर्ज फेटाळला गेला. ज्ञात औषधाचा असा क्षार बनवणं जाणकाराला सहज सुचण्याजोगं आहे, हे त्यामागचं एक मुख्य कारण होतं. भारतीय कंपन्यांना स्वस्त गोळी बनवायची वाट मोकळी झाली.

अ‍ॅडम्स आणि बेडाक्विलिन शेजारी ठेवले की या कसोटीची धार दोन्हीकडून दिसते. ती फार कडक लावली तर एकट्याने राबणाऱ्या माणसाचं काम सरकार फुकटात उचलतं. फार सैल लावली तर जुन्याच औषधाला नवं कुलूप लागतं, आणि किंमत रुग्ण मोजतो.

आता वायसरच्या त्या खाचेकडे जाऊ. मला कुणी विचारलं तर मी आधी खाच बघणारच नाही. अर्जाची तारीख बघेन आणि त्या तारखेला बॅटरीच्या सीलबद्दल काय छापलेलं होतं ते काढेन. वायसरची खाच दुसऱ्या एखाद्या क्षेत्रात, समजा पाण्याच्या पंपात, जुनी असेल. मग बॅटरीवाल्याला पंपाकडे बघायचं काही कारण होतं का? जाणकार मंडळी खाचेच्या वाटेने जात होती की ‘खाच केली की प्लास्टिक तिथे चिरतं’ म्हणून ती टाळत होती? गळती अपेक्षेइतकी कमी झाली की कुणाला वाटलंही नव्हतं इतकी? एवढं झाल्यावरच खाच उघडून बघायची. पाहिजे तेवढी खोली दिली की गळती थांबते, हे त्या काळच्या कुणालाही दोन-चार चाचण्यांत कळलं असतं, तर पेटंट नको. सगळे जण ज्या वाटेला ‘बंद’ अशी पाटी लावून परत फिरत होते तिथून हा इंजिनिअर पलीकडे गेला असेल, तर त्याला त्याचं श्रेय आणि त्याची वीस वर्षं मिळायलाच हवीत. मग ती खाच कितीही साधी दिसो.

हे तपासायला पेटंट कार्यालयात नोकरी लागत नाही. अर्ज दाखल झाल्यावर साधारण १८ महिन्यांनी ते प्रसिद्ध होतात आणि कुणालाही मोबाइलवर फुकट वाचता येतात. भाषा रुक्ष असते, पण दाव्यांची यादी वाचली की नेमकं काय मागितलंय ते कळतं. एखादा अर्ज उघडा. मात्र आधी फक्त अडचण वाचा आणि पान तिथेच थांबवा. तुम्ही ती कशी सोडवली असती, ते कागदावर लिहा. मगच खाली सरका.