चव्वेचाळिसाव्या वर्षीचे प्रस्थान

१९०४ साली विष्णु नारायण भातखंडे चव्वेचाळीस वर्षांचे होते. मुंबईत त्यांची वकिली चालू होती, आणि तिच्यावरच त्यांनी उरलेले आयुष्य काढले असते तर कोणी नावे ठेवली नसती. १९०० साली पत्नी निवर्तली होती, १९०३ साली मुलगी. पुढच्याच वर्षी हा गृहस्थ दक्षिणेच्या प्रवासास निघाला, तो तीर्थयात्रेसाठी नव्हे. त्याच्या सामानात गायनशास्त्रासंबंधीचे प्रश्न होते.

दुःखातून ध्येयाचा जन्म झाला, असे लिहिणे चरित्रकारांस सोयीचे वाटते. सनावळी मात्र निराळे सांगते. वल्लभदासांजवळ सतारीचे धडे, मुंबईच्या पारशी रसिकांनी चालविलेल्या गायनोत्तेजक मंडळीतील उठबस, रावजीबुवा बेलबागकरांकडून घेतलेली ध्रुपदे, हे सारे विद्यार्थिदशेपासून आणि वकिलीच्या उमेदीच्या काळातलेच. १८८७ साली कायद्याची पदवी मिळाली तेव्हाही गाणे होतेच. फक्त ते फावल्या वेळाचे होते. मृत्यूने त्यांना ध्येय दिले नाही, त्यावरचा संसाराचा भार तेवढा उतरविला. हे म्हणणे कठोर आहे, पण खरे आहे.

एट्टयपुरम येथे ते सुब्बराम दीक्षितांना भेटले. व्यंकटमखींच्या सतराव्या शतकातील ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथाची हस्तलिखित प्रत तेथूनच त्यांच्या हाती आली. बहात्तर मेळांची ती सुबक रचना पाहून उत्तरेकडच्या रागांनाही अशी काही बैठक असावी, हा विचार पक्का झाला, आणि तिचेच फळ म्हणजे पुढची दहा थाटांची व्यवस्था. नंतरच्या वर्षांत कलकत्ता, प्रयाग, काशी अशी भ्रमंती झाली. उस्तादांना प्रश्न विचारावयाचे, उत्तरे टिपून घ्यावयाची, एकाची जबानी दुसऱ्याशी ताडून पाहावयाची. कोर्टात साक्षीदार तपासण्याची सवय अशी वाया गेली नाही. तिचा जाच अर्थात उस्तादांना झाला. पिढ्यान्‌पिढ्या कंठात जपलेली विद्या वकिली उलटतपासणीला बसविणे सर्वांना कसे रुचावे? आणि त्यांच्या शास्त्रज्ञानाविषयी भातखंड्यांनी काढलेले उद्गार पुष्कळदा अनुदार होते, हेही नमूद केले पाहिजे. दहा थाटांत सारे राग नीट मावत नाहीत, ही तक्रारही आजतागायत चालू आहे.

१९१० साली त्यांनी वकिलीस रामराम ठोकला. त्याच वर्षी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ ‘चतुरपंडित’ या नावाने बाहेर पडला. पन्नाशीत मिळविलेल्या पहिल्या मानावर आपले नाव घालण्याचा मोह त्यांनी टाळला. पुढे ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिली. क्रमिक पुस्तकांचे सहा भाग आले, आणि घराण्यांच्या पेटाऱ्यांतील शेकडो चिजा स्वरलिपीत उतरल्या. १९१६ साली बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली.

लखनौचे मॅरिस कॉलेज १९२६ साली सुरू झाले, तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते. तेथील प्राचार्यपद पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी दीर्घकाळ सांभाळले. ‘पद्धती’चा चौथा भाग १९३२ साली निघाला. दुसऱ्या वर्षी पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळविले, आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचा अंत झाला.