पेढीचा माग

एखाद्या पेठेत दहा वर्षांपूर्वी शंभर दुकाने होती आणि पुढेही शंभरच आढळली, एवढ्यावरून ती पेठ स्थिर राहिली असे म्हणणे धाडसाचे होय. मधल्या काळात चाळीस बुडाली असतील, चाळीस नवी उघडली असतील. बेरीज तेवढीच भरते. आपल्या देशात १९७७ साली पहिली आर्थिक गणना झाली, पुढेही काही वर्षांच्या अंतराने होत गेली. तीत दुकाने मोजली गेली. परंतु मागील गणनेतील अमुक दुकान ते हेच, असा दुवा काही जोडला गेला नाही.

शिवाय पेढी संपली हे ठरवावे कशावरून? भावाभावांत वाटणी झाली की एकीच्या दोन होतात. कर्ता पुरुष निवर्तला की पाटीवर मुलाचे नाव चढते. सरकारी दप्तरात जुनी पेढी मेलेली व नवी जन्मलेली दिसते. वखार, गिऱ्हाईक आणि उधारी मात्र तीच असते.

ह्या दृष्टीने पणजीच्या म्हामाय कामतांचे दप्तर मोलाचे आहे. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध व एकोणिसाव्याचा आरंभ ह्या काळातील त्यांचा पत्रव्यवहार व हिशेब पोर्तुगीज, फ्रेंच, गुजराती आणि मोडी मराठी अशा नाना भाषालिपींत आहेत. पर्वरीच्या झेव्हियर इतिहास संशोधन केंद्राने ते जतन केले आणि तेओतोनियो द सौझा ह्यांनी ते अभ्यासकांपुढे आणले. सरकारी कागदांत अशा घराण्याचे नाव प्रसंगानेच यावयाचे. येथे मात्र एकाच घराचे व्यवहार पत्रामागून पत्र पाहता येतात. फ्रेंचांची दलाली त्यांत आहे, मकावकडे जाणारी अफू आहे, आणि सांगावयास संकोच वाटला तरी सांगितलेच पाहिजे, फ्रेंचांच्या गुलामव्यापाराशी आलेला संबंधही आहे. घराण्याच्या गौरवगाथेत हा भाग सहसा येत नाही. हिशेबाच्या कागदांत तो लपत नाही.

देवस्थानांच्या महाजनांच्या याद्यांवरून कुळाचा माग लागतो. त्या कुळाने कोणता धंदा कधी धरला व कधी सोडला, हे पाहावयाचे तर त्याची कीर्द-खतावणीच उघडावी लागते. दोन्ही शेजारी ठेवल्या, तर नाव बदललेली पेढीही ओळखता येईल. परंतु दिवाळीस नव्या वहीची पूजा होते आणि जुनी माळ्यावर जाते. तेथे वाळवीतून वाचली, तरी घरात मोडी वाचणारा कोणी उरला नाही म्हणून ती रद्दीत निघते.