मित्रबुरशी आणि विषाची मात्रा

कीटकनाशक फवारले की कीड मारणारी मित्रबुरशी मेलीच, हे विधान जैविक कीडनियंत्रणाच्या चर्चेत इतके रुळले आहे की ते तपासून पाहावेसे सहसा कुणाला वाटत नाही. या बुरशीच्या इतिहासाने त्याला पुरता दुजोरा दिलेला नाही. रसायनाशी तिची पहिली गाठ मात्र वैराचीच होती. रेशीमकिड्यांना चुन्याच्या खड्यासारखे पांढरे, टणक करून मारणारा रोग एका बुरशीमुळे होतो, हे इटलीत लोदीच्या आगोस्तिनो बास्सीने १८३५ मध्ये दाखवून दिले. त्याला ती बुरशी नाहीशीच करायची होती आणि त्यासाठी रसायनांनी निर्जंतुकीकरण करण्याचा सल्ला तो देत होता. आज कृषी सेवा केंद्रात पुडीतून मिळणारी बिव्हेरिया बॅसियाना ती हीच, बास्सीचेच नाव लावणारी. पुढे ओदेसात १८७९ मध्ये शास्त्रज्ञ मेचनिकॉव्हने गव्हावरच्या भुंगेऱ्यांना मारणारी हिरवी बुरशी, म्हणजे मेटारायझियम, मुद्दाम वाढवून वापरण्याची कल्पना मांडली. १८८४ मध्ये युक्रेनमधल्या स्मेला इथे साखरबीटच्या सोंडकिड्यांसाठी तिचे उत्पादनही सुरू झाले. पण बुरशीला कीड मारायला आठवडा-दोन आठवडे लागत, ओलावाही लागे. आधी आर्सेनिक आणि १९४० च्या दशकात डीडीटी आल्यावर एवढा धीर कोण धरणार?

विष आणि बुरशी एकत्र वापरण्याचा मोठा प्रयत्न सोव्हिएत संघात झाला. बटाट्यावरच्या कोलोराडो भुंग्यासाठी तिथे बोव्हेरिन नावाचे बिव्हेरियाचे उत्पादन ट्रायक्लोरफॉन या कीटकनाशकाच्या घटवलेल्या मात्रेबरोबर वापरले गेले. कीड विषाने मारण्याऐवजी विषाने अशक्त करायची आणि बुरशीच्या हवाली करायची, असा त्यामागचा विचार होता. १९९० च्या दशकात वाळवीवर झालेल्या प्रयोगांनी या विचाराला नेमका आधार दिला. वाळव्या एकमेकींचे अंग सतत चाटतात. त्वचेवर चिकटलेला बीजाणू रुजून आत शिरण्याआधीच त्यामुळे निघून जातो. इमिडाक्लोप्रिडची अगदी अल्प मात्रा मिळाली की हे चाटणे थांबते, बीजाणू अंगावर टिकतो आणि एरवी परतवली गेली असती अशी बुरशी वाळवीला मारते. विषाने इथे बुरशीला धक्का लावला नाही; किडीची स्वच्छतेची सवय तेवढी मोडली.

यावर पहिला आक्षेप प्रयोगशाळेतून येतो. काचेच्या बशीत, पोषक माध्यमात कीटकनाशक मिसळले की बुरशीची वाढ खुंटलेली डोळ्यांना दिसते. ते खरेच आहे. मात्र त्या बशीत बुरशीला विषापासून सुटकाच नसते. शेतात पाऊस, ऊन आणि माती त्याची तीव्रता उतरवतात. शिवाय घात मूळ विषानेच केला असे दर वेळी नसते. प्रवाही कीटकनाशकातले द्रावक आणि पायसीकारक पदार्थही बीजाणूंना बाधतात. म्हणून एकाच विषाच्या भुकटीचा आणि प्रवाही रूपाचा निकाल वेगळा येऊ शकतो. बशीतली चाचणी टाकाऊ नाही. तिच्यावरून शेताचा निकाल द्यायची घाई चुकीची आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: विष आणि बुरशी एकत्र चालू शकतात असे म्हटल्याने रसायनांना मागच्या दाराने वाट मिळते. ही भीती खोटी नाही. मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, त्यामुळे वाळवीवरचा तो सुंदर प्रयोग म्हणजे सरसकट फवारणीचा परवाना होत नाही. बोव्हेरिनबरोबर विषाची मात्रा घटवलेली होती, हे विसरून त्या जोडीचे नाव घेणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आपल्याकडेही प्रश्न मात्रेचाच आहे. महाराष्ट्रातल्या उसात हुमणी किडीसाठी मेटारायझियम शेणखतात मिसळून जमिनीत दिले जाते. तिथे विचारायला हवे ते हे, की त्याच सरीत आळवणीचे औषध किती दिवसांच्या अंतराने पडले, पूर्ण मात्रेत की पाव मात्रेत, आणि दोन्ही एकत्र कालवले असतील तर बीजाणू त्या औषधाबरोबर पिंपातच किती वेळ भिजत राहिले.